दिवस हाय तोवर

आमच्या अण्णांचं बूड कधी एका जागी टेकलं नाही. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत ते चपला शोधायला लागायचे. दवाखान्यात नंबर यायच्या आधी दोनदा बाहेर चक्कर मारून यायचे आणि तेवढ्यात नंबर निघून गेला की डॉक्टरांवर चिडायचे. वडिलांचा हा गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. त्यामुळे पुढे त्यांच्याविषयी जे काही वाकडं लिहीन, ते थोडंफार मलाही लागू धरावं.

आमचं गाव कोल्हापूरच्या पूर्वेला, उसाच्या पट्ट्यात. आम्ही जैन, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, हा नियम आई-अण्णांनी लग्नाच्या वर्षीच एका महाराजांपुढं हात जोडून घेतला होता. साऱ्या जगाशी हुज्जत घालणारे अण्णा या बाबतीत मात्र कधी तडजोड करत नसत. नियम दोघांचा, पण तो पाळायची दगदग आईची. अण्णा मळ्यातून यायचे तेच सूर्य टेकायला आला की. मग हातपाय धुणार, म्हशीकडं बघणार, कुणाला तरी हाक मारणार, आणि आई चुलीपुढून ओरडत असायची, "आवं, दिवस हाय तोवर जेवा की!" त्यांचं ताट उचलून होईपर्यंत बाहेर अंधारलेलं असायचं. मावळतीचा सूर्य आईने सुखानं बसून कधी पाहिलाच नाही. शाळेला उशीर झालेली पोर घंटेकडं बघते, तशी ती त्याच्याकडे बघायची.

अण्णांची थोरली बहीण, आमची अक्काआत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. ती एकदा यात्रेच्या बसमधून थेट दक्षिणेच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि येताना एकच गोष्ट घेऊन आली. समुद्रात सूर्य बुडताना तिनं पाहिला होता. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, पाहुणे आले असताना, तिचं तेच. "तव्यावरनं भाकरी घसरावी तसा गेला गं पाण्यात," ती सांगायची.

"चुर्र असा आवाज येत असंल न्हाई?" आईनं एकदा विचारलं.

"आवाज कशाचा येतोय, येडे," अक्का म्हणाली. पण तीही क्षणभर विचारात पडली, हे मी बघितलं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. आईनं अण्णांकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. लुगडं, दागिना, माहेरी जायला चार दिवस, काहीच नाही. त्या थंडीत मात्र, ऊस कारखान्याला गेल्यावर, ती ताट वाढता वाढता म्हणाली, "मला एकदा समुद्रात दिवस बुडताना बघायचाय."

अण्णांनी घास थांबवला. "त्यात काय बघायचं?" ते म्हणाले. आणि मग, बहुधा तिच्या तोंडाकडे बघून, "बरं. एका दिवसात जाऊन येऊ. म्हसरं कुणाच्या भरवशावर ठेवायची?"

आमच्याकडं एक जुनी जीप होती. तिच्यातून दुधाचे कॅन जायचे, खताची पोती जायची, प्रसंगी वासरूही जायचं. आईनं ती दोनदा धुतली तरी आत बसल्यावर कुणीतरी आंबट दह्यात बसवल्यासारखं वाटायचं. पहाटे निघालो. मागच्या बाकावर अक्का आणि मी, पुढे अण्णांशेजारी आई. तिच्या मांडीवर पाण्याची कळशी. घरच्या विहिरीचं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी, तोंडाला फडकं बांधलेलं. परमुलखातलं पाणी ती पीत नसे. पायाशी गाठोडं. त्यात दशम्या, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचं भांडं.

राधानगरीच्या बाजूला भात कापून झालेली खाचरं धुक्यात दिसत होती. पलीकडं धरणाचं पाणी चकाकत होतं. मी काच पुसून बघतेय तोवर ते मागं गेलं. दाजीपूरच्या जंगलात अक्काला गवा बघायचा होता. "गवा म्हंजे काय गं," अण्णा गिअर बदलत म्हणाले, "आपली म्हसच, जरा तापट." जीप थांबली नाही. फोंडा घाटात एका वळणावर सगळं कोकण एकदम खाली उघडलं, हिरवं, निळसर, कुठंतरी पार टोकाला चकाकणारी रेघ. "तोच समुद्र काय?" आईनं विचारलं. अण्णा म्हणाले, "असंल," आणि पुढच्या वळणावर हॉर्न वाजवला.

मालवणात पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. नारळांच्या मधून समुद्र दिसला आणि अक्कानं दोन्ही हात जोडले.  आईनं कळशी अजून मांडीवर धरली होती, बसल्या जागीच पदर नीट केला, कुणा मोठ्या माणसापुढं करतात तसा. पाण्यात किल्ला होता, बेटावर, आणि होड्या माणसं घेऊन ये-जा करत होत्या. मी म्हणाले, जाऊ या. "बेटावर जायला-यायला निम्मा दिवस खाईल. हितनं दिसतोय की सगळा," अण्णा म्हणाले. मग समुद्राकडं बघून त्यांनी मान हलवली. "एवढं पाणी, आणि त्यात एक एकर भिजत न्हाय."

तिथून आचऱ्याच्या दिशेनं आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं निघालो. तो रस्ता मी नंतर कित्येकदा केलाय, पण त्या दिवशी तो जसा भेटला तसा पुन्हा नाही. डाव्या हाताला समुद्र आमच्याशी लपंडाव खेळत होता. जांभ्या दगडाची घरं, त्यांच्या दगडी कुंपणावरून खाली वाकलेली झाडं, मग एक चढ, वर कातळाचा उघडा सडा आणि वाळलेलं सोनेरी गवत, मग उतार आणि उताराच्या तळाशी अचानक निळं. खाडीवरचा अरुंद पूल. पुलाखाली चिखलात उभे असलेले पांढरे बगळे. सुरूच्या बनातून गाडी गेली की सावल्या तोंडावरून भराभर सरकायच्या आणि मला मळमळायचं. दर चांगल्या जागी मी ओरडायची, "अण्णा, थांबा!" अण्णा थांबायचे, पण इंजिन बंद करत नसत. "बघितलं? चला." आम्ही पाय खाली टेकवेपर्यंत जीप पुढं सरकलेली असायची. एकदा अक्का धावत आली आणि चालत्या जीपला धरून म्हणाली, "आरं, मी काय दुधाचा कॅन हाय काय?"

जमिनीविषयी मात्र त्यांचं मत ठरलेलं होतं. ह्या मातीत ऊस येणार न्हाय. ह्या मातीत काहीच येणार न्हाय. आंब्याची कलमं दिसली तेव्हा ते जरा गप्प झाले.

दुपारी एका काजूच्या झाडाखाली जेवलो. जेवलो म्हणजे आम्ही तिघी. अण्णांनी बॉनेटला टेकून उभ्या उभ्या दोन दशम्या खाल्ल्या आणि हात झटकले. जवळच वाळूवर मासळी सुकत घातली होती. वास घशात बसत होता. आईनं नाकाला पदर लावला, पण तोंडानं चकार शब्द काढला नाही. ती सगळं सोसत होती, कारण तिला दिवसाच्या शेवटी एक गोष्ट मिळणार होती. उरलेल्या भाकऱ्या तिनं फडक्यात बांधल्या. "संध्याकाळी समुद्रापुढंच बसून जेवू," ती म्हणाली. "दिवस हाय तोवर. मग त्याला बुडताना बघू."

देवगड जवळ आलं तेव्हा सूर्य अजून चांगला वर होता. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, आणि जीप थांबवली. "आता फिरायचं," ते म्हणाले. "उजेडात घाट चढायला पायजे. ह्या गाडीचे दिवे तुमाला म्हाईत हायत."

आईनं विचारलं, "मग दिवस बुडायचा?"

"घाटातनं दिसंल की. सूर्य एकच हाय."

आई कळशीवरच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिली. अक्काच भांडली. "आरं, हिनं जन्मात एक मागितलं तुज्याकडं," ती म्हणाली, "आणि त्ये बी तू घाईतच खाल्लंस." अण्णा म्हणाले, म्हशींचं काय? अक्का म्हणाली, म्हशी काय तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसल्यात? मला अण्णांचा भयंकर राग आला होता. पाय नुसते शिवशिवत होते. उतरून चालत सुटावं, असं वाटत होतं.

रस्ता अरुंद होता. तिथं जीप वळणार नव्हती. खाली सुरूच्या बनातून एक वाट पुळणीवर गेली होती आणि वाळूत बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसत होत्या. ओहोटीची वाळू सपाट, ओलसर, नांगरून फळी फिरवलेल्या रानासारखी. आमच्याकडच्या कुणालाही वाटलं असतं तेच अण्णांना वाटलं. जीप सरळ खाली घेतली, मोठा वळसा मारला आणि निम्म्या वळशात मागची चाकं आत गेली. अण्णांनी जोर दिला. चाकं आणखी आत गेली. त्यांनी आणखी जोर दिला. मग ते खाली उतरले आणि वाळूला शिव्या द्यायला लागले.

थोड्या वेळानं किनाऱ्याच्या पलीकडच्या अंगाकडून जाळी आवरून चारपाच माणसं आली. त्यातला एक म्हातारा जीपभोवती फिरला आणि म्हणाला, "पावण्यानु, हय गाडी कशाक आणलात?"

"मळ्यात रुतली तर आम्ही बैल लावतो," अण्णा म्हणाले. "हितं बैल हायत काय?"

ती माणसं हसली. पण हसता हसताच कामाला लागली. हातांनी वाळू उपसली, चाकांखाली नारळाच्या झावळ्या घातल्या, मागून खांदा दिला. जीप वीतभर पुढं यायची आणि पुन्हा बसायची. अण्णा घामानं भिजले होते. सूर्य खाली येत होता, आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या. रुतू दे, आणखी रुतू दे, असं मी म्हणत होते.

आणि आई समुद्राकडं तोंड करून बसली. वाळूवर, पाय लांब करून. कळशी बाजूला, हात मांडीवर. आईचे हात रिकामे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ते कुठं ठेवावेत हे त्यांनाही कळत नसावं, मधूनमधून उगाच एकमेकांना चोळायचे. सूर्याखालचं पाणी पिवळं झालं, मग केशरी. आई डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होती. "अक्का, मोठा होत चाललाय गं," ती म्हणाली. अक्का म्हणाली, "थांब, आजून बघशील." मी कधी नव्हे ते एका जागी बसले होते.

तेवढ्यात मागं आरडाओरडा झाला आणि जीप एका झटक्यात बाहेर आली. अण्णा तिला टणक जमिनीवर लावून आमच्याकडं चालत आले. शर्ट पाठीला चिकटलेला, गुडघ्यापर्यंत वाळू, ओठ सुकलेले. आईनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मग सूर्याकडं पाहिलं. तो पाण्यापासून हातभर राहिला असेल.

ती उठली.

"बसा," ती म्हणाली. "दिवस चालला. सकाळपासनं दोन दशम्यांवर हाय तुमी."

"ऱ्हाऊ दे. भूक न्हाय मला," अण्णा म्हणाले. ते खोटं होतं, आणि घरी पोचेपर्यंत अंधार पडणार, म्हणजे उद्या सकाळपर्यंत उपास, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं ऐकलंच नाही. गाठोडं सोडून ती वाळूवर बसली. आम्ही तिच्यासमोर, म्हणजे समुद्राकडं तोंड करून. आणि ती आमच्याकडं तोंड करून, समुद्राकडं पाठ. वाढणारं माणूस असंच बसतं. एरवी त्यात मला काही वावगं दिसलं नसतं.

तिनं त्या कोळ्यांनाही हाक मारली. ज्यांनी खांदा दिला त्यांना तसंच कसं जाऊ द्यायचं? भाकरीवर चटणी, वर दही, एकेकाच्या हातावर ठेवत गेली. "खावा, खावा, दिवस हाय तोवर," ती त्यांनाही म्हणाली, जशी ती माणसं पण आमच्या नियमातलीच होती. म्हातारा भाकरी हातात धरून उभा राहिला. "बाये, मागे बघ," तो म्हणाला. "सूर्य बुडता."

"बघते," आई म्हणाली. "तुमी आधी घ्या."

आईच्या खांद्यामागं सूर्याची कड पाण्याला लागली. तो खालून चपटा झाला, घागरीसारखा दिसायला लागला. मी ओरडले, "आई, मागं बघ की!" ती म्हणाली, "तुझं ताट पुढं कर." अण्णांच्या तोंडात घास होता. ते तिच्या डोक्यावरून समोर बघत होते, आणि चावत होते, भराभर चावत होते. निम्मा सूर्य गेला. त्यांनी हात पुढं केला, वाढू नको म्हणून, की वळ म्हणून, मला कळलं नाही. आईनं त्या हातावर आणखी अर्धी भाकरी ठेवली. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं एकदाही भाकरी तव्यावरून घसरल्याचं सांगितलं नाही.

आमच्या तोंडांवरचा उजेड बदलला असावा. आईचा हात दह्याच्या भांड्यात थांबला.

"बुडाला काय?" तिनं विचारलं. तिनं स्वतः एक घासही खाल्लेला नव्हता.

"व्हय," मी म्हणाले.

मग ती वळली. पाणी होतं, लाल पट्टे होते, एक होडी होती. "रंग तर झाक हाय," ती म्हणाली आणि भांडी विसळायला घेतली.

परत येताना अण्णा एकदाही घाईत बोलले नाहीत. घाटात एक ट्रक पुढं रखडत होता, त्याला हॉर्नसुद्धा मारला नाही. त्याच्या मागंमागं हळू चढत राहिले. मला ते विचित्र वाटलं. आई कळशी मांडीवर घेऊन झोपली होती. मला आजही वाटतं, त्या माणसानं नुसतं "चुकलं" म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते त्यांच्याच्यानं कधी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन अजून अंगणात होतं आणि अण्णा मळ्यातून घरी आले. हातपाय धुतले, पाट मांडला, त्यावर बसले आणि म्हणाले, "वाढ."

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. "आवं, काय झालं? छातीत दुखतंय काय?"

"भूक लागलीया. वाढ म्हटलं न्हवं?"

भाकरी अजून व्हायच्या होत्या. तिनं घाईनं चूल पेटवली. अण्णा बसून राहिले, म्हणजे गुडघा हलवत बसले, पण बसले. जेवून झाल्यावर त्यांनी स्वतःचं ताट स्वतः उचललं आणि मोरीत नेऊन एवढा खडखडाट करत धुतलं की अक्का आतून धावत आली. मग ते आईला म्हणाले, "जा आता स्लॅबवर. बघ काय बघायचं त्ये."

आई वर गेली आणि लगेच खाली आली. "दिसला काय?" मी विचारलं. "दिसतोय की. पर एकटीनं काय बघायचं?" ती म्हणाली. अण्णा जिना चढले. तीही मागून गेली.

त्यानंतर ते दोघं रोजच संध्याकाळी वर दिसायला लागले. आमच्याकडं सूर्य उन्हाळ्यात जोतिबाच्या डोंगरामागं जातो, थंडीत सरकत सरकत बराच डावीकडं. आई कठड्याला टेकून त्याच्याकडं बघायची आणि अण्णा कुणाच्या विहिरीवरची मोटार चालू आहे, कुणाच्या रानात पाणी फुटलंय ते बघायचे. दोन मिनिटं उभे राहिले की त्यांचा पाय हलायला लागायचा. पण सूर्य डोंगराआड जाईपर्यंत ते खाली उतरत नसत.

समुद्रावर परत जायचं दरवर्षी ठरायचं. कधी ऊसतोड आडवी आली, कधी माझं लग्न, कधी अक्काचं आजारपण. अक्का गेली. मग आईचे गुडघे गेले, घरचा जिना तेवढा ती कसाबसा चढायची, आणि एवढा लांबचा हादरे खात प्रवास आता नको, असं डॉक्टरांनी बजावलं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. डोंगरातला बी चांगलाच हाय." हे वाक्य मला आजतागायत सहन झालेलं नाही.

दोन हजारनंतर केव्हातरी, माझी लेक चार-पाच वर्षांची असताना, आम्ही दोघं नवरा-बायको तिला घेऊन देवगडला दोन दिवस राहायला गेलो. पहिल्याच संध्याकाळी पुळणीवर पोचलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. मी अण्णांच्या मोबाइलवर फोन लावला. अण्णांनी उचलला.

"थांब, देतो. वरच हाय आम्ही," ते म्हणाले.

"हितला गेला गं आत्ताच," आई म्हणाली. "तिथं हाय अजून?"

"हाय. म्हणूनच केला फोन. सांगू?"

"सांग."

मी सांगायला लागले. पाणी पिवळं झालंय. आता केशरी. एक होडी आहे, काळी दिसतेय. सूर्य मोठा होत चाललाय. पलीकडे आई प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होती आणि मध्येच फोन बाजूला धरून अण्णांना सांगत होती. "आता कड लागली, आई. पाण्याला लागली."

"आगं, पोरीला काय खायला घातलंस काय?" ती एकदम म्हणाली. "दिवस हाय तोवर?"

मी मागं वळले. लेक माझ्यामागं वाळूत खड्डा करत बसली होती, तोंड सुकलेलं. दुपारपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, आणि नियमाचं मी कधीच सोडून दिलं असलं तरी माझा जीव गलबलला. भूक लागली का गं, मी विचारलं. तिनं मान डोलावली. मी फोन खांद्याला दाबून धरला, पिशवीत हात घातला, बिस्किटाचा पुडा शोधला, फोडला, तिच्या हातावरची वाळू झटकली.

"बुडाला काय?" आई विचारत होती.

मी वळून पाहिलं. "व्हय," मी म्हणाले.

"आवाज न्हाय आला."

मला हसू आलं. "आई, मी बघितलाच न्हाय गं. पोरीला बिस्किट काढून देत होते."

पलीकडे काय झालं, काय झालं, म्हणून अण्णा विचारत होते, आणि त्यांना गप्प करणारी तिची बोटं मला इथं बसून दिसत होती. मग ती म्हणाली, "मग उद्या जरा लौकर जेवा की."